गाडी मिसिंग आहे!

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या नजरेतून चूक सुटत नाही! ही फुशारकी नव्हे, पोटापाण्याचा धंदाच आहे. मी मुद्रितशोधक. छापखान्यातून पानं येतात आणि मी त्यांतल्या चुका काढतो. जाडजूड पुस्तकात एक वेलांटी चुकीची बसलेली असली, तरी ती पानातून हात वर करून मला हाक मारते. मग अशा माणसाला एक गाडी, तीही जुनी, साधीसरळ, धूर तपासणीतून पास करून आणता येऊ नये?

बायकोचं म्हणणं, येऊ नये.

"अहो, तुम्ही फक्त गाडी तिथवर न्यायची," ती म्हणाली. "बॉनेट उघडायचं नाही. हात लावायचा नाही. गॅरेजवाला गावाला गेलाय आणि मला पाटी रंगवायचीय, म्हणून तुम्हाला सांगतेय."

"म्हणजे मी नाइलाज आहे?"

"हो."

इतकं सरळ उत्तर लग्नानंतर लगेच मिळालं असतं, तर माझा फार वेळ वाचला असता.

तिची धास्ती मला कळत नव्हती, असं नाही. बायको मोटार शिकवते. दुसऱ्याच्या वर्गात राबून आणि मालकाची बोलणी खाऊन तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. शेवटी तिनं नोकरी सोडली आणि स्वतःचा वर्ग काढायचं ठरवलं. माझ्या सासऱ्यांनी त्यांची जुनी गाडी लेकीला दिली. आता फक्त परवाना हवा होता. परवाना देणारे साहेब त्या दिवशी दुपारी तपासणी केंद्रामागच्या मैदानात तिची परीक्षा घ्यायला येणार होते. पण त्याआधी गाडी धुराच्या चाचणीत पास व्हायला हवी. नाही झाली, तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी! नोकरी सोडलेली, वर्ग नाही, आणि घरात सहा महिने मी. बाई रडकुंडीला आली होती ती उगाच नाही.

मी शब्द दिला की हात लावणार नाही. आणि मी शब्दाला जागलोही! हात लावलाच नाही. फडकं लावलं.

झालं असं की निघण्यापूर्वी मी विचार केला, निदान आतली धूळ तरी पुसून घेऊ. तपासणीला आलेला माणूस बघेल तर काय म्हणेल? बायको मागच्या अंगणात गाडीला लावायची 'शिकाऊ' पाटी लाल रंगानं रंगवत होती. मी हळूच बॉनेट उघडलं. इंजिनाशेजारी एक काळं गोल झाकण असतं, त्यातून चार जाड वायरी निघून चार प्लगांना जातात. त्या वायरींवर पांढऱ्या रंगानं आकडे लिहिलेले होते. मी पुसता पुसता सहज वाचले. वाचायची सवय, काय करणार! झाकणाभोवती क्रमानं आकडे होते: एक, दोन, चार, तीन.

मी पुन्हा वाचले. एक, दोन, चार, तीन!

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ही गाडी रस्त्यावर धावतेय आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही? एखाद्या पोरालासुद्धा दोननंतर तीन येतात हे ठाऊक असतं! मी इकडेतिकडे पाहिलं, दोन वायरी उपटल्या, अदलाबदल करून घट्ट बसवल्या. एक, दोन, तीन, चार. कसं छान दिसलं म्हणून सांगू!

गाडी चालू केली तर ती अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. मी मनात म्हटलं, जुनी आहे बिचारी, सुधारणा पचायला वेळ लागतो.

तपासणी केंद्रापर्यंत मी धक्के खात पोचलो. तिथं एक मॅडम बसल्या होत्या. तोंडाला फडकं, हातात लांब सळई आणि ती सळई एका यंत्राला जोडलेली. त्यांनी सळई गाडीच्या सायलेन्सरमध्ये खुपसली आणि यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा यंत्राकडे.

"रेस करा," त्या म्हणाल्या.

मी पाय दाबला. गाडीनं आधी उचकी दिली, मग खोकली आणि मग... धडाम्! सायलेन्सरमधून असा बार उडाला की पलीकडच्या रांगेतला एक जण आपल्या गाडीखाली शिरला. काळपट धुराचा लोट उठला. यंत्रावरचे आकडे सरसर वर चढले आणि शेवटी यंत्रानं आकडे दाखवायचंच सोडून दिलं.

मॅडम धुरातून बाहेर आल्या.

"गाडी मिसिंग आहे," त्या म्हणाल्या.

आता खरं सांगतो, मिसिंग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. गाडी तर समोर होती! पण गाडीच्या माणसांसमोर अडाणीपणा दाखवायचा नसतो, हा माझा नियम आहे. मी हनुवटीवरून हात फिरवला.

"वाटलंच मला," मी म्हणालो. "मिसिंगच."

"चार सिलिंडरांपैकी दोनच धड काम करतायत. दोघांत पेट्रोल जळतच नाहीये, तसंच बाहेर येतंय. बॉनेटमध्ये कुणी हात घातला होता?"

"कुणा अडाणी माणसानं नाही."

"मग मेकॅनिककडे न्या. अशी पास नाही होणार."

मेकॅनिक तर गावाला! बायकोला कळवायला हवं होतं. मी फोन लावला. तिचे हात रंगात बरबटलेले, म्हणून फोन सासऱ्यांनी घेतला.

सासऱ्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यांची सगळी हयात टपालखात्यात गेली. ऐकायला नीट येतं, पण अर्धं ऐकून कामाला लागायची सवय. शिवाय टपालखात्यात 'मिसिंग' हा शब्द एखाद्याच्या निधनाची बातमी सांगावी तसा उच्चारतात. पार्सल मिसिंग झालं की पहिल्या तासात शोधायचं, नाहीतर गेलं, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. हे सगळं मला आधी आठवायला हवं होतं. आठवलं नंतर!

"बाबा, हिला सांगा, गाडी मिसिंग आहे."

पलीकडे खुर्ची करकरली.

"काय म्हणालात? मिसिंग?"

"हो. पण घाबरू नका म्हणावं."

"कधीपासून?"

"घरून निघालो तेव्हापासूनच असणार. मला कळलं इथं आल्यावर."

"मग तिथवर गेलात कसे?"

"कसला जातोय! धक्के खात आलो."

"अरेरे! आणि लक्षात कधी आलं?"

"रेस केली तेव्हा."

"रेस? तुम्ही माझी गाडी शर्यतीत उतरवलीत?"

पण तेवढ्यात शेजारची गाडी गुरगुरायला लागली आणि मला ते ऐकूच आलं नाही, नंतर कळलं. मी माझंच पुढे रेटलं.

"बाबा, चौघं आहेत बघा! त्यांतले दोघं नीट काम करतायत, बाकीचे दोघं नुसता धूर काढतायत!"

"चौघं!"

"हो. आणि पितायत किती! सगळं पेट्रोल फुकट."

"पितायतसुद्धा? जावईबापू, हे कुणाचं काम असेल?"

"आतलंच काहीतरी आहे, बाबा. बाहेरून काही दिसत नाही."

"आतलेच लोक! तरी मला संशय होताच. तुम्ही जागचे हलू नका. पहिला तास महत्त्वाचा!"

फोन बंद. मला वाटलं, म्हातारा किती समजूतदार! गाडीच्या दुखण्याबद्दल इतक्या आस्थेनं कुणी कधी विचारलं नव्हतं.

आता जागचं न हलणं परवडणारं नव्हतं. मला आठवलं, एका व्हिडिओत पाहिलं होतं: गाडी चांगली तापवून पळवली की आतली काजळी झडते आणि धूर उतरतो. झालं! मी मॅडमना म्हटलं, "जरा काजळी झाडून येतो." त्या काहीतरी ओरडत होत्या, पण मी काच वर केली.

काय सांगू त्या फेरीचं! मी पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत होतो आणि ती धडाम्, धडाम् बार उडवत पळत होती. लोक कान दाबून दुकानांत शिरले. मागे धुराचा पडदा असा, की आरशात रस्ताच दिसेना. कपाळावरचा घाम पुसायला मी फडकं घेतलं, ते सकाळचंच, इंजिन पुसलेलं. तोंड किती काळं झालं, ते मला दिसलं नाही. बाकीच्यांना दिसलं!

मैदानाला वळसा घालून मी केंद्राच्या फाटकापाशी पोचलो, तेव्हा शिट्टी वाजली. समोर एक हवालदार दोन्ही हात पसरून उभा. मी ब्रेक दाबला, गाडीनं शेवटचा जोरदार बार उडवला आणि बंद पडली. हवालदार फाटकातल्या मोठ्या कुंडीमागे बसला.

"हात वर! खाली उतर!" कुंडी ओरडली.

मला वाटलं, धुराबद्दल धरलं. आणि खरं म्हणजे चूक माझीच होती, तेव्हा नम्रपणे बोलावं, असं मी ठरवलं. हेच तर नडलं!

"गुन्हा कबूल आहे?" हवालदारानं कुंडीच्या आडून विचारलं.

"कबूल आहे, साहेब. पण माझा इलाजच नव्हता."

"सगळे असंच म्हणतात. किती दिवस चाललंय हे?"

"आज पहिल्यांदाच. व्हिडिओ बघून केलं."

"व्हिडिओ बघून! काय दिवस आलेत! बाकीचे तिघं कुठं आहेत?"

"कुठले तिघं?"

"चौघं आहात ना? दारू पिऊन?"

"मी एकटाच आहे. बायकोलाही न सांगता आलो... म्हणजे, काजळी झाडायला."

"हत्यार कुठाय?"

"डिकीत. एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर."

"आणि गोळ्या?"

"खिशात. पित्ताच्या आहेत."

हवालदार जरा उठला आणि पुन्हा बसला. त्याच्या नोकरीत असला चोर बहुधा आला नव्हता.

तेवढ्यात रिक्षातून सासरे उतरले. पाठोपाठ बायको. दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक! हवालदारानं ते हात पाहिले, उडालेले बार आठवले, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, कुठं लागलंय? बसा, खाली बसा!"

"रंग आहे हो तो!" बायको म्हणाली. "गाडी कुठाय? गाडी मिळाली का?"

"मिळाली! चोरही मिळाला!" हवालदारानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आजोबा, ओळखा. हाच का?"

सासरे जवळ आले. चष्मा पुसला. माझं काळं तोंड डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"बाबा, सांगा ना मी कोण ते!" मी कळवळलो.

"अहो, हा चोर कसला!" सासरे म्हणाले. "हे आमचे जावई. गाडी ह्यांच्याकडूनच हरवली."

हवालदारानं टोपी काढली. "म्हणजे ज्याच्याकडून हरवली, त्याच्याकडेच सापडली?"

"पाहिलंत!" सासऱ्यांनी छाती फुगवली. "मी म्हणतो ना? पहिल्या तासात शोधलं की सापडतंच!"

मग सगळा उलगडा झाला. तपासणीच्या मॅडमनी हवालदाराला मिसिंग म्हणजे काय ते समजावलं. त्यामुळे मलाही ते फुकटात कळलं. इंजिनाचे सगळे सिलिंडर पाळीपाळीनं काम करत नसले, एखादा मधेच पाळी चुकवत असला, की गाडी मिसिंग. इतकंच! ह्यासाठी पोलिसांना फोन करायची काही गरज नव्हती, असं मी सासऱ्यांना म्हणणार होतो, पण त्यांनी आधीच म्हटलं, "जावईबापू, तुम्हीच बोललात चौघं आहेत म्हणून."

बायको कुणाचंच ऐकत नव्हती. ती बॉनेट उघडून आत वाकली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. उगाच.

"अहो," ती आतूनच म्हणाली. आवाज फार मवाळ होता. तिचा आवाज मवाळ झाला की मला घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घ्याव्याशा वाटतात. "ह्या वायरींना कुणी हात लावला?"

"हात नाही. फडकं."

"वायरी कुणी बदलल्या?"

"अगं, क्रम चुकला होता! एक, दोन, चार, तीन! मी नीट केला."

ती सरळ उभी राहिली.

"तो क्रम तसाच असतो! इंजिन त्याच क्रमानं पेटतं!"

"पण दोननंतर चार..."

"असतात चार! गाडीत असतात! तुमच्या पुस्तकात नसतील!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं दोन वायरी उपटल्या, जागच्या जागी खोचल्या आणि चावी फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि मग अशी सुरळीत चालायला लागली की इंजिन चालू आहे की बंद, ते कळेना. मॅडमनी सळई खुपसली. आकडे भराभर खाली आले. पास!

बायकोनं सुस्कारा टाकला. मीही टाकला. आणि तेवढ्यात मैदानातून परवान्याचे साहेब आले. उंच, किडकिडीत आणि हसण्याची सवय मोडलेले.

"गाडी पास झाली? ठीक. आता शिकवून दाखवा. तुमचा शिकाऊ विद्यार्थी कुठाय?"

बायकोनं रिक्षाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग तिचा चेहरा उतरला. परीक्षेसाठी तिनं शेजारणीला तयार केलं होतं. त्या बाईला गाडीतला ग सुद्धा येत नव्हता, म्हणजे अगदी हवी तशी. पण सासऱ्यांनी घरी 'चार दारुड्या चोरांनी गाडी पळवली' असा पुकारा केला, आणि शेजारणीनं दाराला आतून कडी लावली ती लावलीच.

"विद्यार्थी नसेल तर परीक्षा नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी या."

"साहेब, दहा मिनिटं द्या, मी कुणाला तरी..."

"कुणीतरी चालणार नाही. गाडीतलं ओ की ठो कळत नाही असाच माणूस हवा मला. त्याशिवाय तुम्हाला शिकवता येतं की नाही, ते कसं कळणार?"



हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. तपासणीच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सासरे भिडस्त, त्यांनी जमिनीकडे पाहिलं. फक्त बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपले लाल हात पाहत उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला भयंकर वाईट वाटलं. किती वर्षं ती दुसऱ्याच्या गाडीत बसून दुसऱ्याचं नाव सांगत होती! आणि आज, स्वतःच्या पाटीला रंग लावून झाल्यावर, ही वेळ माझ्या दोन वायरींनी आणली होती.

मी पुढे झालो.

"साहेब, मी आहे विद्यार्थी."

"तुम्हाला गाडीतलं कितपत कळतं?"

मी सुस्थितीतला, प्रौढ, चारचौघांत मान असलेला माणूस. मागे सासरे उभे.

"काहीच नाही, साहेब."

"काहीच नाही," हवालदारानं मनापासून दुजोरा दिला. "मी साक्षीला आहे."

बायकोनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले. त्यामुळे गालावर लाल पट्टा उमटला. ती शेजारच्या आसनावर बसली, साहेब मागे बसले आणि मी स्टिअरिंगसमोर. मी मनाशी पक्कं ठरवलं: आज हिच्यासाठी मुद्दाम ढीगभर चुका करायच्या. गिअर चुकीचा टाकायचा, गाडी बंद पाडायची, वळण घेताना गोंधळायचं. म्हणजे ती शांतपणे समजावेल आणि साहेब खूश होतील. त्यागच म्हणा ना!

"चावी फिरवा," ती म्हणाली. "घाबरू नका. सावकाश. क्लच... तो नाही, डावीकडचा. छान. आता गिअर. तो हात-ब्रेक आहे. हरकत नाही, होतं असं. पुन्हा करू या. आता पाय हळूहळू... हळूहळू... अहो, मैदान डावीकडे आहे."

माझ्या तोंडावर माखलेली काजळी घामानं डोळ्यांत उतरत होती. मागे साहेब, बाजूला ती, फाटकाशी हवालदार! आणि तिचा आवाज मात्र अगदी शांत. तिला इतकं शांत मी घरात कधी ऐकलं नव्हतं. गाडी एकदा उडी मारून बंद पडली, एकदा कुंडीच्या दिशेनं गेली, एकदा नुसतीच मागे घरंगळली.

मैदानाची एक फेरीसुद्धा पुरी झाली नव्हती, तर साहेबांनी मागून हात वर केला.

"पुरे, बाई, पुरे! थांबवा गाडी! इतक्या वर्षांत मी असा विद्यार्थी पाहिला नाही. आणि तुमचा आवाज एकदाही चढला नाही! तुम्हाला परवाना नाही द्यायचा तर द्यायचा कुणाला?"

बायको रडत रडत हसली. तिनं माझा हात घट्ट धरला, लाल रंगासकट. "अहो, किती छान नाटक केलंत!" ती माझ्या कानात म्हणाली. "मला खरंच वाटलं हो!"

मी नुसता हसलो. आता तिला कसं सांगू? मी ठरवलेल्या चुका करायला अजून सुरुवातच केली नव्हती.